सव्वाबाराची भरती

— उभे काय राहिलात हेमचंद्रराव, बसा की. पंखा लावतो. मुलीचा फोन लागत नाही म्हणून दादरहून इथे काळाचौकीला धावत यायचं, आणि तीन जिने चढून? मला करायचात ना फोन — बरोबर आहे, केला होतात, मी उचलला नाही, तेच म्हणतोय, चार्जिंगला लावला होता. तुमची अक्षता ठीक आहे. आमचा अभय ठीक आहे. आणि आपली श्रेया तर एकदम मजेत. खाडीत नेटवर्क नसतं हो, दोन्ही बाजूला डोंगर, मध्ये पाणी, टॉवर काय पाण्यात बांधणार? चपला राहू द्यात तिथेच. आमची ही नाहीये घरात, करी रोडला बहिणीकडे गेली. मीच पाठवली, इथे नुसती माळ ओढत बसली असती. चहा टाकू? मला येतो. नको? बरं, पाणी तरी घ्या.

पहिल्यापासून सांगतो, म्हणजे तुमच्या डोक्यातलं टेन्शन जाईल. बाणकोटला माझा मामेभाऊ आहे, भिवा. लग्नात पाहिलात तुम्ही त्याला, उंच, काळा, जेवायला सगळ्यांच्या शेवटी बसला होता तो. त्याच्या दोन होड्या. त्यातली धाकटी, फायबरची, मागे इंजिन असतं ती, महिनाभर वर दासगावला दुरुस्तीला पडली होती. ती खाली बाणकोटला आणायची होती. अभय म्हणाला, मी आणतो. कॉलेजपासून दर मे महिन्यात तो भिवाची होडी चालवतोय, नवखा नाही. रविवार आहे, म्हणाला, अक्षता आणि श्रेयालाही घेतो. सावित्री नदीतून निघायचं, मग खाडी, आणि संध्याकाळी एकदम समुद्र. चाळीस किलोमीटर. पोरगी नऊ वर्षांची झाली, समुद्र म्हणजे तिला काय माहीत? गिरगाव चौपाटी. तीसुद्धा विसर्जनाला, माझ्या खांद्यावर बसून, पाणी कमी आणि माणसांची डोकी जास्त. मीच म्हटलं, जाऊ देत, नदी कुठे संपते ते बघू दे तिला. तुम्ही नको म्हणाला होतात, आठवतंय मला. अक्षताला पोहता येत नाही म्हणाला होतात. हो, पण जाकिटं आहेत ना. श्रेयाला एक, आणि — आणखी एक आहे. दोन आहेत.

आमच्या हिनेही पाय आपटले. अमावास्येचं कोण जातं पाण्यात, म्हणाली. मी म्हटलं, बाई, अमावास्येलाच पाणी मोठं, उधाण असतं, होडी कुठे गाळात रुतत नाही. हे मला कुणी शाळेत नाही शिकवलेलं. ते दाराच्या मागे कॅलेंडर आहे ना, त्यात प्रत्येक दिवसाची भरती-ओहोटी छापलेली असते, बारीक अक्षरात, लोक बघतसुद्धा नाहीत. मी बघतो. तेहतीस वर्षं आमच्या मंडळाचा गणपती मी सांगितलेल्या वेळेला चौपाटीच्या पाण्यात गेलाय. ट्रॉली वाळूत उभी, पोरं घामाघूम, आणि सगळे माझ्या तोंडाकडे बघतायत — काका, भरती किती वाजता? मी सांगणार, मग गणपती हलणार. एकदा चुकलो नाही, अख्ख्या काळाचौकीत कुणालाही विचारा. तर आजची भरती बारा पंधरा, ओहोटी साडेसहा. अभयला सांगितलं, सव्वाबाराला दोर सोड. सव्वाबाराला पाणी फिरतं, मग ते स्वतःच तुला खाली नेतं, इंजिन नावाला चालवायचं. पेट्रोलचा एकच कॅन घे, म्हटलं, दोन कशाला, उगाच पोरीच्या पायाशी वास.

आणि निघाले की वेळेवर. हे बघा, व्हिडिओ आलाय — ही अक्षता, घाबरलेली दिसते का? हसतेय. बरं, थोडी घाबरली असेल, एका हाताने कड धरलीय. ही श्रेया. आणि तो काठावर ओंडका नाही, मगर आहे. सावित्रीत आहेत मगरी, महाडच्या बाजूला, उन्हात पडून असतात. श्रेया मला फोनवर सांगते, आजोबा, तिने जांभई दिली आणि तोंड मिटायलाच विसरली. तिला मी काम दिलं होतं — दर वळणाला पाण्यात बोट बुडवायचं, चाखायचं, खारट लागलं की मला फोन करायचा. बाई भारीच सिन्सियर. एक वाजता फोन — आजोबा, खारट. मी म्हटलं, शाब्बास, पोचलात की खाडीत. पाऊण तासात, हां. मी इथे एकटा बसून टाळी वाजवली. मग समुद्रगरुडाचं घरटं दिसलं म्हणाली, एवढं मोठं, काठ्यांचं, तिला वाटलं कुणी माळाच बांधलाय झाडावर. चिखलात खेकडे, एक नांगी छोटी, एक मोठी. मग पावणेदोनला परत फोन — आजोबा, ते पांढरं देऊळ अजून तिथेच आहे. कुठलं देऊळ? म्हणे अर्धा तास झाला तेच दिसतंय. मी म्हटलं, वळणं असतात गं नदीला, एकच देऊळ चारदा दिसतं.

ते जाऊ दे. मग डॉल्फिन. म्हणून तर म्हणतो, काळजी नको. पाचच्या सुमाराला फोन — आजोबा, डॉल्फिन, दोन, नाही, तीन, एक छोटा आहे. डॉल्फिन दिसले म्हणजे खाडीच्या तोंडाशी पोचले, बाणकोट आलंच, आता भिवाच्या घरी मासे खात असतील. काय आनंद होता हो तिच्या आवाजात. आणि इतकं स्वच्छ ऐकू येत होतं — डॉल्फिन वर येऊन श्वास सोडतो ना, तोसुद्धा ऐकला मी, इथे या खुर्चीत बसून. होडीच्या कडेला पाणी चपचप वाजत होतं, ते ऐकलं. बाकी काही नाही, सगळं शांत.

काय म्हणालात?

इंजिनचा आवाज, हो, असतो. मोठा असतो, शेजारी बसलेल्याचं बोलणं कळत नाही. विमा कंपनीत होतात ना तुम्ही, अशाच चौकशा करत असाल तिथे. बंद केलं असेल डॉल्फिन बघायला, सगळे करतात, नाहीतर पळतात ते. आणि अभयचा फोन तुम्ही साडेचारला लावला तेव्हा बंद होता — असेल, मग परत चालू झाला असेल. पाचला झाला असेल. मी काय खोटं बोलतोय? तुमची मुलगी माझी सून आहे, दहा वर्षं मला बाबा म्हणते. असं बघू नका हो माझ्याकडे.

थांबा, दार लोटतो. गॅलरीत सगळे कान लावून असतात.

बंद केलं नव्हतं. बंद पडलं. पेट्रोल संपलं.

आधी ऐकून घ्या, मग काय बोलायचं ते बोला. सकाळी साडेदहाला भिवाचा फोन आला होता. दादा, म्हणाला, दोनच्या आधी पोरांना सोडू नकोस. तुझी भरती मुंबईची. समुद्राचं पाणी बाणकोटहून आत शिरतं, ते वर दासगावपर्यंत पोचायला दोन तास घेतं, दोनपर्यंत पाणी वरच चढत राहणार. तोवर जेवू दे त्यांना आरामात. एवढं साधं बोलला. आणि मी काय म्हणालो? मी म्हटलं, भिवा, तू मासे मार, वेळ मी बघतो. आणि ठेवला फोन. अभयलाही त्याने सांगितलं होतं. अभयने मला विचारलं — बाबा, काका दोन म्हणतायत. मी म्हटलं, तुझा बाप तो की मी? अडतीस वर्षांचा माणूस, ऑफिसात हाताखाली वीस जण, बरं बाबा म्हणाला आणि सव्वाबाराला दोर सोडला. कधी उलट उत्तर नाही दिलं त्याने मला. सगळ्यांना कौतुकाने सांगत आलो मी ते. आज द्यायला हवं होतं.

पावणेदोन तास चढत्या पाण्याशी भांडत होते ते. निम्म्याहून जास्त पेट्रोल त्यातच गेलं. एक वाजता खारट पाणी कुठून आलं, सांगा? ते खाडीत पोचले नव्हते, समुद्रच वर चढून आला होता. मला तेव्हा कळलं नाही. देवळाचं सांगितलं तेव्हा कळलं. हो, कळलं. तेव्हाच म्हणायचं होतं, काठाला लागा, थांबा. पण म्हटलं, दोनला पाणी फिरेलच, नेईल खाली, कशाला बोला. नेलं की खाली. नेलं, आणि तोंडाशी नेऊन पेट्रोल संपलं, आणि पाणी काही तिथे थांबत नाही. उधाणाची ओहोटी आहे, ती बाहेर ओढते. पोरीला काय कळतंय, ती डॉल्फिन मोजत होती. मागून अभय ओरडला — बाबा, इंजिन बंद पडलंय, आम्ही बाहेर चाललोय, भिवाकाकाला सांगा, माझी बॅटरी संपतेय. अक्षताचा आवाज नाही आला. मग फोन गेला तो गेलाच.

सांगितलं का भिवाला? लावला फोन. दोनदा लावला. रिंग जायच्या आत कापला. काय सांगू त्याला? सकाळी तू मासे मार म्हणालो, आणि आता? त्याला वाटतंय पोरं दोनला निघाली, सहाला येतील, तो आपला निवांत असेल. माझं गणित असं होतं, हेमचंद्रराव, की साडेसहाला पाणी फिरतं. फिरलं की तेच त्यांना आत आणून सोडेल, भिवाच्या दारात, कुणाला काही कळायचं नाही, ना भिवाला, ना तुम्हाला. अभयकडे वल्ही आहेत, तोवर धरून ठेवील तो. साडेसहाला नक्की फिरतं, बाणकोट म्हणजे तोंडच आहे, तिथे मुंबईचीच वेळ लागू पडते, कॅलेंडरात स्पष्ट —

हो. तेच कॅलेंडर.

सूर्य? सूर्य सव्वासहाला बुडतो. ते नव्हतं धरलं मी.

हात सोडा, लावतो. लावतो म्हणतोय ना. तुमच्याकडे नंबर नाही त्याचा, मला पाठ आहे. स्पीकरवर कशाला — बरं, स्पीकरवर.

भिवा? रामदास बोलतोय. मुंबईहून, हो. आधी ऐक, मध्ये बोलू नकोस. तुझं बरोबर होतं. दोनचंच बरोबर होतं. पोरं सव्वाबाराला निघाली, मीच सांगितलं. शिव्या नंतर दे, सगळ्या ऐकतो. पेट्रोल संपलंय, इंजिन बंद, होडी बाहेर चाललीय. तिघं आहेत. जाकिटं दोन. नांगर कुठे आहे म्हणजे, होडी दुरुस्तीला देताना काढलास तो तुझ्याच पडवीत ना? मग नाही, नांगर नाही. वल्ही आहेत. डॉल्फिन दिसत होते. उजव्या हाताला हरिहरेश्वरचा डोंगर दिसतोय म्हणाली होती पोरगी. एवढंच ठाऊक आहे. तुझी मोठी होडी पाण्यात आहे? मग निघ. बोलत बोलत निघ, भिवा. आणखी कुणी असेल तर त्यांनाही घे.

काय? कधी बंद पडलं? ते कशाला — हां, किती लांब गेली असेल ते. पाच. पाचच्या सुमाराला. थांब. थांब भिवा, पाच नाही, पाच मी यांना सांगितलं. चार दहा. चार वाजून दहा मिनिटं. नाही, चुकत नाहीये, घड्याळ बघितलं होतं मी. आता पावणेसहा झाले, हो, मला कळतंय. कुठे होतो? घरीच होतो. इथेच बसलो होतो.

ऐकलं मी. हो, ऐकलं.

हेमचंद्रराव, तो म्हणतोय, तुझ्याजवळ दुसरं कुणी असेल तर त्याच्याकडे फोन दे, मला खरं सांगणारं माणूस पाहिजे. घ्या. घ्या, तुम्ही बोला.