मामानं लूज फॉरवर्डला बाद केलं

रग्बीचं नाव काढलंत, तर आमच्या मामाची गोष्ट ऐकाच! गार्डन रीचच्या कारखान्यातला म्हातारा इंग्रज फोरमन चहा पिताना नेहमी त्याच्या गावच्या जुन्या लूज फॉरवर्डांवर सुरू व्हायचा. दोन्ही संघांच्या रेटारेटीच्या शेपटाला राहून चेंडू सुटताच झेपावणारे गडी! एकदा म्हणाला, "त्यांना ओलांडून कोणी गेला नाही. चेंडू घेऊन मलाही ओलांडून दाखवा!"

तिथंच माझ्याबरोबर कामाला असलेला साताऱ्याचा मामा पेटला. "हुतूतूवाल्याला आव्हान? आण तो चेंडू!"

मामा दम धरून धावला, चेंडू फेकला, साहेबाच्या गुडघ्याला शिवला आणि उलटा पळत रेघेवर आला. "साहेब बाद!"

साहेब चेंडूवर पालथा पडून ओरडत होता, "मी जिंकलो!"

मी वैतागलो. "मामा, पुढे जायचं होतं!"

"पुढे जाऊन काय तिथंच संसार थाटू?"