करडईच्या भाजीत कण्या

(तिसगावची शाळा, मधली सुट्टी. पोरं व्हरांड्यात खिचडी खात बसलेली. चौथीच्या वर्गात रुपाली मॅडम आणि दिशाचे वडील छगन.)

मॅडम : ...तक्रार नाही हो, दिशाचे पप्पा. कौतुक करायलाच बोलावलं.

छगन : बरं.

मॅडम : दिवाळीनंतर मी इथं बदलून आले. आहाराचा तास असला की एकेकाला उभं करते, सकाळी काय खाल्लं ते सांगायला. बाकीच्यांचं आपलं चहा-टोस, नाहीतर वेफरचा पुडा. दिशाचं मात्र बाजरीची भाकरी, करडईची भाजी, जवसाची चटणी. सगळा वर्ग टाळ्या वाजवतो.

छगन : करडईची?

मॅडम : हो. आणि आज हुलग्याचं माडगं.

छगन : गूळ घालून.

मॅडम : बघा, तोंडाला पाणी सुटलं ना? म्हटलं, शनिवारच्या पालकसभेत तिच्या आईनंच चार बायांना सांगावं. माझं बोलणं या कानानं ऐकतात नि त्या कानानं सोडतात. दिशाकडं निरोप दिला, तर उत्तरच नाही. बायकोला पुढं करायला लाजता की काय?

छगन : ती न्हाई यायची.

मॅडम : अहो, अर्ध्या तासाचं तर काम.

छगन : ती वारली, मॅडम. गेल्या उन्हाळ्यात, आकितीच्या आधी. कावीळ झालती.

मॅडम : ...मला कुणी सांगितलं नाही.

छगन : आधीच्या गुरुजींना ठावं हुतं.

मॅडम : आणि वर्गातली पोरं?

छगन : समद्यांना ठावं हाय. आयांसंगं आलती की घरी, भेटाया.

मॅडम : आणि तरी टाळ्या वाजवतात.

छगन : व्हय.

मॅडम : मग घरी करतं कोण?

छगन : मीच. सकाळी चहा-टोस, सांजच्याला भात. भाकरी थापाया गेलो की तुटती.

मॅडम : म्हणून खिचडी दोनदा घेते. आणि मी तिला चिडवायचे, एवढं खातेस ते जातं कुठं म्हणून. मला फार वाईट वाटतंय हो.

छगन : तुमाला काय म्हाईत.

मॅडम : राग नाही आला तुम्हाला?

छगन : राग न्हाई, रडू न्हाई. मला कायच व्हत न्हाई आता. गुरांना पाणी दावतो, पोरीला चहा देतो. दिवस मावळतो.

मॅडम : उद्यापासून तिला विचारणारच नाही. पोरीवर खोटं बोलायची वेळ नको.

छगन : बंद नका करू.

मॅडम : अहो, पण...

छगन : खोटं न्हाई ते. तिची आई करायची समदं. करडईत काय घालत्यात म्हणली?

मॅडम : लसूण. चिरून नाही, ठेचून. आणि मूठभर ज्वारीच्या कण्या.

छगन : कण्या व्हय. मी नुसतीच शिजवली. पोरीनं ताट सारलं.

मॅडम : तिलाच विचारायचं ना मग.

छगन : तुमी इचारा. माडग्याला हुलगं भाजून घेत्यात का, ते बी इचारा. मी येतो परत शनवारी.

मॅडम : विचारीन. पण बापानं विचारलं तर तिला बरं वाटेल.

छगन : घरी ती आईचं नाव काढत न्हाई, मॅडम. मी बी न्हाई.