उठवून नीघ

दुपारी सव्वादोन वाजता, ताई — सुरुवात तिथूनच धरा. तुम्ही म्हणालात ना, मॅडमचा कॉल संपेपर्यंत ट्रिपचं सांग, अगदी पहिल्यापासून — म्हणून पहिल्यापासून सांगते. बकरी ईदच्या सुट्टीत, सव्वादोनला, गुदैबियात आमच्या बिल्डिंगखाली गाडी आली, नीला मॅडमनी मिस्ड कॉल दिला, आणि माझी अनुष्का नुकतीच झोपली होती. दोन वर्षांची आहे. शेजारच्या डॉली आंटी, त्यांच्याकडे ठेवणार होते ना तिला, त्या म्हणाल्या, झोपलीय तोवर नीघ, जागी झाली तर पाय सोडायची नाही. आमचे हे तुबलीच्या गॅरेजमधून फोनवर तेच — झोपेतच नीघ. तिकडं देशातून, गावाहून, सासूबाईंचंही तेच. आमच्याकडं असंच करतात, ताई. आई कामाला निघाली की पोराला झोपवायचं, नाहीतर कुणीतरी कावळा दाखवायला अंगणात न्यायचं, आणि आईनं मागच्या दारानं जायचं. मीही तशीच वाढलेय. चप्पल हातात घेऊन जिना उतरले मी, वाजू नये म्हणून — चहात साखर घालू? नको? बरं.

तर विमानानं गेलो ते गोऱ्यांच्या देशातलं गाव. नाव मला घेता येत नाही, मॅडम सांगतील, त्या बरोबर नाकातून म्हणतात. गाव म्हणजे केवढं — एक चर्च, एक बेकरी, एक पूल, आणि मधून कॅनॉल. मी फलटणकडची, मला कॅनॉलचं काय कौतुक! पण आमच्याकडं पाणी सुटलं की बायका धुणं घेऊन पळतात, पोरं उड्या मारतात, पाण्याच्या पाळीवरून दोन घरांची भांडणं ठरलेली. तिथं कुणी धुणं धूत नाही, कुणी भांडत नाही, पाणी आपलं निवांत पडून. दोन्ही काठांनी उंच झाडं, खालून सायकलींचा रस्ता. आणि पाण्यावर आमची बोट — बोट म्हणजे लांबट घरच, आत शेगडी, संडास, बिछाने. चालवायला लायसन लागत नाही म्हणे, आणि सरांनी पहिल्याच पुलाला ठोकली. मॅडम म्हणाल्या, "बँकही अशीच चालवता का हो?" सगळे हसले. मीपण हसले.

बघायला खूप आहे, ताई. डोंगरावर किल्ला आहे, तो चुकवू नका, वरून कॅनॉल चांदीच्या साखळीसारखा दिसतो. शनिवारी बाजार भरतो, चीजचा वास असा की मॅडमचा राजस, ज्याला सांभाळायला मला नेलं होतं, नाक धरून "यक, यक" करत फिरत होता — त्याला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्लिशच. द्राक्षाचे मळे आहेत, आमच्या फलटणला आहेत तसेच, फक्त बुटके. गोगलगायी खातात. सरांनी खाल्ल्या, बोटं चाटून. मी नुसता पाव खाल्ला — पाव मात्र असा की वर कडक, आत गरम, आणि मला वाटलं, हा अनुष्काला चहात बुडवून — कसला आवाज? काही नाही. वॉशिंग मशीन आहे ते, धुण्याच्या खोलीत. जुनं झालंय, मध्येच धडधडतं.

पुढं एक बोगदा लागतो. कॅनॉल डोंगराच्या पोटातून जातो, आत मिट्ट काळोख, नुसता आपल्या बोटीचा दिवा. राजसला मजा. मला भीती पाण्याची नव्हती, फोनची होती. आत रेंज नाही. बाहेरही कुठं आहे, कुठं नाही. डॉली आंटी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावायच्या. पहिल्या दिवशी अनुष्कानं मला फोनमध्ये बघितलं, "मम्मी" म्हणाली, आणि फोन उलटा करून मागं बघितलं. मागं कुणी नाही. परत पुढं, परत मागं. डॉली आंटी हसायला लागल्या, मीपण हसले, ताई, इकडून. मग दोन-तीन दिवसांनी तिनं फोनकडं बघायचंच सोडलं. आणि राजस माझ्या पोटाशी झोपायचा, बोटीत, किती शांत झोपायचा. त्याचं काय चुकलं? लेकरूच ते.

लॉक — तेच सांगायचं राहिलं, ते तर सगळे बघायला जातात. कॅनॉल पायऱ्यांनी उतरतो. बोट दोन दारांच्या मध्ये घ्यायची, मागचं दार लावायचं, मग पाणी सोडतात, की बोट आपली भिंतीवरून खाली खाली. मग पुढचं दार उघडायचं. आमच्याकडं पाटकरी असतो ना, कुणाला किती पाणी ते बघणारा, तशी तिथं एक बाई होती, पाटकरीण. एक लॉक झालं की मोपेडवर बसून पुढच्या लॉकला, बोटीच्या आधी हजर. तिची पोरगी अनुष्काच्या वयाची, पहिल्या लॉकवरच्या घराशी आजीजवळ राहायची. तर ती बाई काय करायची — निघताना गुपचूप नाही निघायची. पोरीपुढं उकिडवी बसायची, बोटानं दाखवायची, तिकडं जाणार, मग इकडं येणार. मला त्यांची भाषा कुठली कळायला, पण बोट कळतं ना. आणि पोरगी भोकाड पसरायची! मला वाटलं, काय बाई आहे ही, मुद्दाम रडवते. बोट खाली चालली होती, भिंत वर वर, पोरगी दिसेनाशी झाली, नुसतं रडणं ऐकू येत होतं. मग थोड्या वेळानं तेही थांबलं. दुसऱ्या दिवशी परतीला आम्ही तिथं आलो तर पोरगी झाडाखाली गोधडीवर गाढ झोपलेली. आणि पाटकरीण मोपेडवरून उतरली, तिला हलवून उठवलं, दाखवलं — आले बघ. झोपलेल्या पोराला कुणी उठवतं का? मला तेव्हा हसू आलं होतं.

हा गळ्यावरचा वळ विचारताय? काही नाही हो. मंगळसूत्राचा आहे. अनुष्का मुठीत धरून झोपते — झोपते कसली, तोच तर त्रास आहे. मी परत आले तर मला वाटलं धावत येईल. नाही आली. लांबून बघत राहिली. मग हळूच आली, मंगळसूत्र धरलं, आणि तेव्हापासून झोपत नाही, ताई. डोळे मिटतात, मान पडते, की दचकून उघडते, आधी मूठ चाचपते, मी आहे का बघते. मग परत. दिवसा तर नाहीच नाही. हेल्थ सेंटरला नेली, डॉक्टर म्हणाल्या वय आहे, जाईल. कधी जाईल? आमचे हे म्हणतात लाडावलीय. सासूबाई म्हणतात नजर लागली, मीठ-मोहरी उतरवून टाक. टाकली. मला माहिताय काय झालंय ते. तिला वाटतं, झोपलं की आई जाते. खोटं आहे का त्यात? जातेच की.

डॉली आंटींकडे राहत नाही आता. दारातच पाय रोवून किंचाळते, आणि त्यांचे मिस्टर नाईट शिफ्ट करून झोपलेले असतात — किती दिवस ऐकून घेतील? मग काय करायचं मी, तुम्हीच सांगा — नाही, मशीन बंदच आहे. तुम्हाला दिसतंय दारातून, बंद आहे ते. लपवून काय करू. आत आहे ती. रोज घेऊन येते, मॅडम जिमला जातात तेव्हा, कपड्यांच्या टोपलीमागं बसवते. बिस्किट दिलंय, बोलायचं नाही सांगितलंय, आणि ती बोलत नाही. दोन वर्षांचं पोर आणि तोंडातून आवाज नाही! याचं कौतुक करू का रडू?

मॅडम वाईट नाहीत, तसं समजू नका. पण ठेवतानाच म्हणाल्या होत्या, पोर कामावर आणायचं नाही, राजसला ॲलर्जी, सर्दी, काय काय असतं. आणि सप्टेंबरात तुम्ही दोन्ही घरं मिळून मोठी बोट घेताय, मला परत यायचंय, त्यांनी सांगून टाकलंय. विचारलं नाही, सांगितलं. या देशातला माझा व्हिसा सरांच्या नावावर आहे, ताई. नाही म्हणायला तोंड कुठून आणू? तुम्ही बोलाल का त्यांच्याशी, त्या तुमचं — नको. नको, नको, राहू द्या. तुम्ही बोललात की त्यांना कळणार मी घरातलं बाहेर सांगते. खलास मग. मी काही बोललेच नाही असं धरा. किल्ल्याचं सांगितलं, पावाचं सांगितलं, बस.

हॉर्न ऐकलात? राजसची स्कूलबस. ड्रायव्हर एकदाच वाजवतो, मग थांबत नाही, त्याला घ्यायला खाली जायला हवं — थांबा, आत एकदा बघते.

झोपलीय, ताई. बिस्किट हातात तसंच. ट्रिपवरून आल्यापासून दिवसा पहिल्यांदा झोपलीय. लिफ्टनं जाऊन येईपर्यंत कितीसा वेळ? चप्पल हातात घेतली तर कळायचंही नाही तिला. बघा ना, तोंड कसं उघडं पडलंय, किती दमलीय. आणि डोळे उघडले, आणि मी नसले, तर?

उठवते. रडेल. मॅडमना ऐकू जाईल, कॉल सोडून बाहेर येतील, पुढं काय व्हायचं ते — मला नाही माहीत पुढचं. तुम्ही कप तिथंच ठेवा, मी विसळते. फक्त एक करा. तुम्ही सप्टेंबरात तुमच्याकडं कामाला असलेल्या झोहराला बरोबर नेणार, आणि तिचा मुझम्मिल अनुष्काएवढाच आहे, तो मागं राहणार. तिला किल्ल्याचं सांगू नका, बोगद्याचं सांगू नका. एवढंच सांगा — शेजारपाजारचे काहीही म्हणोत, पोराला उठवून नीघ. रडला तरी उठव, बोटानं दाखव, आणि मग नीघ. सांगाल ना तिला?