बिनपाण्याची गोळी

नाही, पण तुम्हीच सांगा, एवढी मोठी गोळी कधी कोणी पाण्याशिवाय गिळतं का? आमच्या आईनं गिळली! तुम्हाला सांगतो, गेल्या वर्षी हरतालिकेला, निर्जळ उपवास, सकाळी एक आणि संध्याकाळी एक, डोळे मिटून, मान मागे टाकून, घशात अडकली तर छातीवर मूठ आपटून आपटून खाली उतरवली, आणि वर मलाच म्हणते, "बघ परेश, डॉक्टरीणबाई म्हणाल्या गोळी चुकवायची नाही, चुकवली नाही. देवाला म्हटलं पाणी पिणार नाही, प्यायले नाही. दोघांचंही ऐकलं की नाही?" आता मी काय बोलणार?

तसा मी बोलतच नाही हो. नववीत शाळा सोडली ती पण ह्याच्यामुळेच, सर उभं करायचे आणि माझी जीभ जी टाळूला चिकटायची, ती घंटा होईपर्यंत निघायची नाही. आता सांवेर रोडला शेवेच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिथं बरं आहे, मशीनचा आवाज एवढा की कोणी काही विचारतच नाही.

तर गोळी. कसली? लिथियम. म्हणजे मनाची, डोक्याची, काय म्हणायचं ते म्हणा. मी लहान होतो तेव्हा आईची झोपच उडाली होती, रात्रीच्या रात्री जागी, गाणी म्हणायची, मोठमोठे बेत करायची, आणि एका सकाळी तिनं घरासमोरची अख्खी भिंत गुलाबी रंगवून टाकली... बाबांच्या स्कूटरसकट! स्कूटरसकट हो! बाबा त्याच गुलाबी स्कूटरवर बसवून तिला डॉक्टर शलाका मॅडमकडे घेऊन गेले, मॅडमनी लिथियम सुरू केलं, हळूहळू प्रमाण बसवलं, आणि आई परत आमची आई झाली. एवढी गुणाची गोळी! पण आमच्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही. 'ताकदीची गोळी' म्हणायचं. मावशी आली, ताकदीची. शेजारच्या भाभी आल्या, "वो तो विटामिन है, भाभीजी." का? तर स्पृहाचं, माझ्या बहिणीचं लग्न जमायचंय, लोक काय म्हणतील! मी एकदा म्हटलं, बाबा, लोकांना पण शुगर असते, बीपी असतं... बाबा म्हणाले, "तू गप." आता मी काय बोलणार?

आणि मॅडमची काही चूक नाही, हे आधीच सांगतो. दर काही महिन्यांनी रक्त तपासायला लावतात, किती लिथियम आहे ते बघतात, मगच पुढची चिठ्ठी. आईला स्पष्ट सांगितलेलं, "इंदुमतीताई, पाणी भरपूर प्यायचं. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. आणि डोकं दुखो, गुडघे दुखोत, मला विचारल्याशिवाय दुखण्याची गोळी घ्यायची नाही." सगळं विचारलं होतं त्यांनी. दारू? आई म्हणाली, इश्श! तंबाखू? इश्श! उपवास करता का, हे तेवढं विचारायचं राहिलं. आणि आई स्वतःहून कशाला सांगते? उपवास म्हणजे काय आजार आहे, डॉक्टरला सांगायला?

हरतालिकेला मी म्हटलं ना तिला, आई, मॅडम पाणी प्यायला सांगतात. तर, "मॅडमना आज फोन करून विचारू का, पार्वतीनं पाणी प्यायलं होतं का म्हणून?"

दुसऱ्या दिवशी गणपती. आणि नेमक्या त्याच सकाळी महूहून प्रमोदिनीकाकू दर्शनाला हजर. काकू म्हणजे ज्यांच्या मुलाशी, शंतनूशी, स्पृहाचं लग्न जमत होतं, त्या. होणाऱ्या विहीणबाई! मग काय, आईनं पारण्याला दोन घोट पाणी घेतलं न घेतलं आणि कंबर खोचून मोदकांना लागली. डोकं ठणकत होतं तिचं, उपाशीपोटी उकाड्यात दुसरं काय होणार? काकूंनी पर्स उघडली. "घ्या हो, एक गोळी घ्या, मी तर रोज घेते." आईनं घेतली की! होणाऱ्या विहिणीला नाही कसं म्हणायचं? आरतीआधी एक. आरतीनंतर आणखी एक. मी दारातून बघून राहिलोय, तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं... आईनं डोळे असे वटारले की मी प्रसादाचं ताट उचललं आणि वाढायला लागलो.

पंगत बसली आणि आईच्या हातातलं तुपाचं भांडं थरथरायला लागलं. थोडंथोडकं नाही हो, चांगलं खडखडायला लागलं. काकू म्हणाल्या, "अशक्तपणा आहे." मग आई ओकली. काकू म्हणाल्या, "पित्त आहे." मग आई उठली आणि भिंतीला धरून चालायला लागली, पाय एकीकडे, ती दुसरीकडे, आणि मला हाक मारली, "पअएस..." परेश नाही, पअएस! जीभ जड. मी रिक्षा आणायला धावलो. रिक्षावाला म्हणतो, "भिया, अम्मा ने भांग-वांग तो नी पी ली?" आता मी काय बोलणार?

जवळच्या एका हॉस्पिटलात नेलं. अपघात विभागात एक तरुण डॉक्टर, बिचारा सकाळपासून उभा असणार, त्यानं विचारलं, "कोई दवाई चल रही है माताजी की?" आणि एवढ्या साध्या प्रश्नाला आमच्या घरात सगळे एकदम बोलले, मी सोडून! बाबा म्हणाले, "नहीं साब, बस ताकत की गोली." स्पृहा म्हणाली, "विटामिन." आणि आई, जीभ वळत नाही, डोळे मिटतायत, पण खाटेवरून हात हलवून, "गॅस... गॅस की..." आणि काकू? काकू तिच्या उशाशी, डोक्यावर ओला रुमाल ठेवून. सगळ्यांचं लक्ष काकूंवर, कोणाचं आईवर नाही!

डॉक्टर म्हणाला, "उपवास की कमजोरी है. सिर में दर्द है? सिस्टर, दर्द का इंजेक्शन लगा दो."

दुखण्याचं इंजेक्शन! अहो, दुखण्याच्या दोन गोळ्या आधीच पोटात, अंगात पाण्याचा थेंब नाही, आणि वर लिथियम! मला डॉक्टरी काही कळत नाही, पण मॅडमचं एक वाक्य कानात घुमत होतं, विचारल्याशिवाय नाही, विचारल्याशिवाय नाही... मी बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे बघत होते. स्पृहाकडे बघितलं. तिनं ओढणीचं टोक दातात धरलेलं. सिस्टरनं बाटलीत सुई घातली. औषध ओढलं. सुई उलटी करून टिचकी मारली. आईची बाही वर केली... आणि माझी जीभ? टाळूला! सर, नववी, सगळं तसंच! मी हात वर केला, तुम्हाला सांगतो, वर्गात करतात तसा हात वर केला, पण माझ्याकडे कोण बघतंय? सिस्टरनं कापूस फिरवला. आणि मग माझ्या तोंडून जे निघालं...

"लिथियम!"

एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या खाटेवरचा माणूस उठून बसला. सिस्टरचा हात तिथंच थांबला. "लिथियम चल रहा है! मनाची गोळी आहे, ताकदीची नाही! बरसों से! कल पानी नहीं पिया और आज दर्द की दो गोली खाई है! मत लगाओ, सिस्टर, मत लगाओ!"

डॉक्टरचा चेहराच बदलला. "पहले क्यों नहीं बताया?" इंजेक्शन ट्रेमध्ये गेलं, सलाईन लागलं, रक्त गेलं तपासायला, डॉक्टरनं स्वतः शलाका मॅडमना फोन लावला. थोड्या वेळानं येऊन सांगितलं, रक्तात लिथियम फार चढलंय, शरीरात पाणी नसलं की ते बाहेर पडत नाही, साठत जातं, आणि दुखण्याच्या गोळीनं आणखी साठतं. "वो इंजेक्शन लग जाता तो किडनी पे आ जाती बात."

बाबा बाकावर बसले ते बसलेच. काकू माझ्याकडे आल्या. मी मनात म्हटलं, संपलं. स्पृहाचं लग्न मीच मोडलं, ते पण दोन भाषांत ओरडून.

काकू म्हणाल्या, "मनाची गोळी?"

मी मान हलवली. जीभ परत टाळूला चिकटलेली.

"मग मला सांगायला नको?" काकूंचा आवाज फाटला. "माझ्या हातानं दोन गोळ्या खाऊ घातल्या ना मी त्यांना! ताकदीची म्हणे! अरे, विहीण करायला निघाले होते, मारूनच टाकली असती ना मी!" आणि त्या रडायला लागल्या, बाबा त्यांना पाणी द्यायला उठले, त्यांनी बाबांना जे झापलंय... अहाहा! माझ्या जन्मात बाबांना कोणी तसं झापलेलं मी बघितलं नव्हतं. लग्नाचं? लग्नाचं त्या काही बोलल्या नाहीत. बरेच दिवस बोलल्या नाहीत. पण रोज सकाळी फोन, "इंदुमतीताई पाणी प्यायल्या का?" आता त्या फोनला मी नातं समजायचं की आणखी काही? शेवटी फाल्गुनात झालं लग्न, पण तोवर आम्ही सगळे सुकून गेलो होतो.

आई बरी झाली. मॅडमनी गोळी काही दिवस बंद ठेवली, परत रक्त तपासून कमी प्रमाणात सुरू केली, आणि यंदाची हरतालिका जवळ आली तसं बजावलं, "निर्जळ उपवास बंद. कायमचा."

"मग आदल्या दिवशी दोन जास्तीच्या घेऊन ठेवू का, मॅडम?"

"नाही!"

"त्या दिवशी घेतलीच नाही तर?"

"नाही!!"

"मग व्रत मोडायचं? इतक्या वर्षांचं?"

मॅडमनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "मोडू नका. घरातलं दुसरं कोणीतरी करेल तुमच्या नावानं." आई बाबांकडे बघायला लागली. बाबा म्हणाले, "मला शुगर आहे." स्पृहा सासरी, तिचा तिचा उपवास. मग आई, बाबा आणि मॅडम, तिघंही माझ्याकडे बघायला लागले. आता मी काय बोलणार?

उद्या हरतालिका आहे. निर्जळ. कारखान्यात सांगितलंय पोट बिघडलंय. गुरुजींना विचारलं, हे व्रत जन्मोजन्मी तोच नवरा मिळावा म्हणून असतं, मग फळ कोणाला, आईला की मला? गुरुजी म्हणाले, फळ उपवास करणाऱ्याला. हे बाबांनी ऐकलं. कालपासून माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं बघून राहिलेत. सकाळी चहा पिता पिता हळूच म्हणाले, "परेश... तुला पोळ्या जमतात का रे?"