पाठ माझी हाय

आमी मूळचे परभणीकडले, बाप रेल्वेत लागला म्हनून हैदराबादला आलो, तारनाक्याला वाढले, लगीनबी हितंच झालं, आता मराठीत दोन शब्द बोलले की मधी हितल्या हिंदीतलं एक हौ न् एक नक्को येतंच, हसू नका. हिमायतनगरात एका ताईकडं सैपाकाला होते, ताई पुण्याची, फोटो काढायची, लग्नातले न्हाई हो, मानसाच्या अंगाला माती थापून त्याची मूर्ती करायची न् मंग तिचा फोटो.

एक दिवस म्हनली, मावशी, तुमी बसता का, तुमची पाठ लई छान हाय. मी म्हनलं, अगं बाई, उघड्या पाठीनं? नक्को. तवा तिनं माझा हात धरून शपथ घेतली, तोंड दिसनार न्हाई, अन् फोटोखाली तुमचं नाव लिहीन. माझ्या पाठीचं कवा कुनी कौतुक केलं व्हतं हो? भुलले मी.

शहराबाहेर त्या मोठमोठ्या दगडांत नेलं, गुडघ्यावर बसवलं, डोकं पोटात घालून, पाठीवर ओली माती थापली, ती वाळंल तशी कातडी वढती, काय सांगू तुम्हाला, जरा श्वास घेतला की माती तडकायची न् ताई वरडायची, हलू नका मावशी, तुमी दगड हाय दगड! झाले बाई दगड.

मंग नामपल्लीकडं तिचं प्रदर्शन भरलं. मला बोलवलं न्हाई, मीच पोरीला घेऊन गेले, कालेजात हाय ती, म्हनलं चल, तुझी आई भिंतीवर बघ. केवढा मोठा फोटो! पोरीनं खालचं इंग्रजी दोनदा वाचलं. काय गं? तर म्हनती, आई, हितं लिहिलंय की ताईनं स्वतःच्याच अंगाला माती लावून काढलाय, ही पाठ ताईची हाय.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ताईपुढं गेले, म्हनलं, ताई, पाठ माझी हाय. चार मानसं बघाय लागली, तर ती गोड हसली न् त्यांना म्हनली, ह्या आमच्या मावशी, सैपाक फार छान करतात.

घरी येऊन पोरीपुढं पाठ उघडी केली, बघ म्हनलं. तिला तरी काय कळनार, तीळ न्हाई, डाग न्हाई. आई, माझा इस्वास हाय, म्हनली, पन माझ्याकडं न बघता म्हनली.

ते काम सोडलं, आता दुसरीकडं करते. ताईचं नाव होवो, भलं होवो, मी कुनाचं वाईट चिंतत न्हाई. पन पोटच्या पोरीपुढं मला खोटी पाडली ना तिनं, तेवढं काई मला पचत न्हाई बगा.