दोन राजांचं बेट

विनोदिनी : म्हणजे राजे दोन, राजधान्या दोन, अन् आता मुकुटही दोन? गंगाधरभाऊ, माझ्या कथेतलं बेट केवढंसं हाय, अंदाज हाय का तुमाले?

गंगाधर : बेट वाढवा नं ताई थोडंसं.

विनोदिनी : हव. समुद्राले सांगते, जरा सरकून बस बापा, रायपूरच्या कीर्तन मंडळाची सोय करायची हाय.

गंगाधर : मजाक नका करू. पुरानी बस्तीचं जुनं अन् तेलीबांध्याचं नवं, दोन मंडळं एक झाल्यावरचं हे पहिलं कीर्तन. अन् तुम्ही कथा काढली दोन राज्यं एक होण्याची! गादीवर जुना राजा बसवला म्हणून तेलीबांधावाले फुगून बसले.

विनोदिनी : मग नवा बसवते.

गंगाधर : तर पुरानी बस्तीचे अध्यक्ष यशवंतराव उठून जातीन. त्यांच्यामागं अर्धी सतरंजी रिकामी.

विनोदिनी : पण कीर्तनाआधी कथा यांना सांगितली कोणी?

गंगाधर : मीच. सचिव हाय नं, दोन्ही अध्यक्षांची मंजुरी घेतली.

विनोदिनी : वा! रामानंही वनवासाले निघताना तुमाले विचारायले पाहिजे होतं. अन् एका मंडळाले दोन अध्यक्ष काहून?

गंगाधर : एकी राहावी म्हणून.

विनोदिनी : दिसून राहिली एकी.

गंगाधर : मध्यंतरातल्या हाराचंही ठरलं नाही. तुमाले पहिला हार कोण घालणार?

विनोदिनी : मान एकच आणली मी, चुकलंच माझं.

गंगाधर : ताई, आज कोणी उठून गेलं, तर उद्या मंडळं वेगळी. मंग मले नका म्हणू.

विनोदिनी : (आतून येणाऱ्या पेटी-तबल्याच्या आवाजाकडे कान देत) ऐका. पुरानी बस्तीत पेटी होती, तबला नव्हता. तेलीबांध्यात तबला होता, पेटी नाही. दोन्हीकडं मी लंगडं कीर्तन केलं. आज पहिल्यांदा दोघं वाद्यं एका सुरात लावून राहिले. हे मी मोडू देईन होय?

गंगाधर : मग गादीवर कोणाले बसवता?

विनोदिनी : गादीपाशी कथा आली की हरिनामाचा गजर घेईन.

गंगाधर : अन् गजर संपल्यावर?

विनोदिनी : संपवतं कोण? टाळी वाजवता वाजवता उठून गेलेला माणूस मी अजून पाहिला नाही, भाऊ.