पहिल्या दारावरचे खड्डे

हडपसरच्या आमच्या लोखंडी कपाटांच्या कारखान्यात मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "लॉटमधल्या पहिल्या दारावरून आप्पांचं फडकं फिरल्याशिवाय रंग मारायचा नाही. आणि का, ते विचारायचं नाही." आप्पा म्हणजे माझे मोठे काका. त्यांचा हात शुभ, म्हणे.

आता गंमत ऐका. गेले काही महिने नेमक्या त्या शुभ दारावरच रंगात खड्डे पडायला लागले. आप्पांनी लगेच निकाल दिला, मला म्हणाले, "त्या सुनीताचा हात वाईट. उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांग तिला." बाबांनी नेहमीप्रमाणे मान डोलावली. सुनीता आमच्याकडे रंग मारते, आणि बाकीची सगळी दारं आरशासारखी काढते!

मी विचारलं, "आप्पा, याच फडक्यानं तुम्ही गाडीचा डॅशबोर्ड चमकवता ना?"

"मग? स्वच्छ असतं ते."

"त्या पॉलिशमध्ये सिलिकॉन असतं. त्याचे लांबलचक रेणू पत्र्याला चिकटून आडवे पसरतात, आणि त्यांची वर राहिलेली बाजू रंगाला टिकू देत नाही. रंग मागे सरकतो, खड्डा पडतो."

"एमएस्सी झालीस म्हणून आम्हाला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून पुसतोय मी."

"पॉलिश कधीपासून लावताय?"

"नवी गाडी आल्यापासून."

"आणि खड्डे कधीपासून पडताहेत?"

आप्पा बाबांकडे बघायला लागले.

"सुनीताला मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. "काढायचंच असेल, तर ते फडकं काढा."

बाबांची मान या वेळी डोलली नाही. आप्पांनी फडक्याची घडी घातली आणि गुपचूप खिशात ठेवली.